क्रोशाकामाचा घरगुती व्यवसाय: लोकर नंतर, आधी तास मोजा

क्रोशाकाम विकायला काढायचं ठरलं की बहुतेक जणी आधी लोकरीच्या दुकानात धाव घेतात. तिकडे जरा नंतर जाऊ. आधी एक वही घ्या आणि आठ-दहा दिवस एवढंच लिहा: सुई किती वाजता हातात घेतली, किती वाजता ठेवावी लागली आणि का ठेवावी लागली. धाकटा उठला, शाळेची व्हॅन आली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ झाली, जे असेल ते.

मग वही उघडून बघा. लहान मुलांच्या आईचा वेळ नोटांत येत नाही, चिल्लरीत येतो. दुपारी चाळीस मिनिटं, क्लासबाहेर थांबताना वीस, रात्री निजानीज झाल्यावर तास-सव्वातास. तुमचा व्यवसाय या चिल्लरीवर चालणार आहे. कुठली वस्तू करायची, किती ऑर्डरी घ्यायच्या, किंमत काय लावायची, सगळं त्या वहीतून ठरतं.

एका बाबतीत क्रोशा आयांच्या बाजूने आहे. दोन सुयांच्या विणकामात अख्ख्या ओळीचे टाके सुईवर असतात, पोराने एक सुई ओढली की संपलं. क्रोशात एका वेळी बहुधा एकच टाका उघडा असतो. त्यात सेफ्टी पिन अडकवली की काम तसंच टाकून उठता येतं.

पहिली पायरी: कामाची वाटणी

सगळं क्रोशाकाम सारख्या लक्षाचं नसतं. सरळ खांबांच्या (उभ्या टाक्यांच्या) ओळी, लांबच लांब साखळी, एकाच रंगाचे चौकोन हे गप्पा मारता मारता, मुलाचे पाढे ऐकता ऐकता होतं. याउलट टाके वाढवणं-घटवणं, ओळीमध्ये रंग बदलणं, बाहुलीचा चेहरा काढणं, तुकडे जोडणं याला शांतता लागते. पहिलं काम दिवसा, दुसरं रात्री. रात्रीही गडद निळी आणि काळी लोकर टाळा. ट्यूबलाइटखाली त्यातले टाके दिसत नाहीत आणि सकाळी अर्धं उसवावं लागतं.

प्रत्येक ऑर्डरीला वेगळी कापडी पिशवी ठेवा. त्यात लोकर, सुई आणि एका चिठ्ठीवर कितवी ओळ चालू आहे ते. आकडा डोक्यात ठेवायला जाऊ नका. "आई, माझा खोडरबर कुठाय" एवढ्यानेही तो पुसला जातो. कात्री, टाका-खुणेच्या पिना, प्लास्टिकचे डोळे, मणी मात्र पिशवीत नकोत. घट्ट झाकणाच्या डब्यात, वरच्या फळीवर. रांगतं मूल सापडलेली प्रत्येक गोष्ट तोंडात घालतं. मोठ्या मुलाला त्याचा स्वतःचा लोकरीचा एक गुंडा आणि जाड सुई देऊन टाका, म्हणजे तुमच्या गुंड्यांना शांतता मिळते.

आणि लोकर स्वयंपाकघराजवळ ठेवू नका. फोडणीचा वास तिला असा धरतो की पार्सल उघडताक्षणी ग्राहकाला तुमच्या घरी काल काय होतं ते कळतं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात सुती दोऱ्याला कुबट वास येतो, तेव्हा झिपच्या पिशव्या हव्यातच. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत, बाळाच्या कपड्यांत तर मुळीच नाही. तसंही कसर लागते ती खऱ्या लोकरीला, ॲक्रिलिकच्या कृत्रिम धाग्याला नाही.

दुसरी पायरी: काय विकायचं

इथे बहुतेकींचं गणित चुकतं, म्हणून जरा सावकाश जाऊ.

दोन-तीन नेहमीच्या वस्तू करा आणि प्रत्येकीच्या दोन नोंदी ठेवा. लोकर किती लागली (गुंड्याचं वजन आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर करा) आणि मिनिटं किती लागली. मिनिटांत दोरे आत घेणं, शिवणं, धुणं हेही धरायचं. मग लोक त्या वस्तूचे किती देतील त्याचा अंदाज घ्या, त्यातून सामान वजा करा आणि उरलेल्याला तासांनी भागा.

समजा १०० ग्रॅमचा गुंडा १२० रुपयांना पडतो. बाळाचं ब्लँकेट: ७०० ग्रॅम लोकर, म्हणजे ८४० रुपये, पॅकिंग ६०, वेळ ४५ तास. कोणी खुशीने २,५०० दिले, तरी हातात उरले १,६००, म्हणजे तासाला साधारण ३५ रुपये. टोपडं-बुटांचा जोड: ६० ग्रॅम, ७२ रुपये, पॅकिंग २०, वेळ ४ तास, विक्री ४०० ला. तासाला ७७ रुपये. पुस्तकात ठेवायची फुलाची खूण: ६ ग्रॅम, ७ रुपये, पॅकिंग ५, वेळ २५ मिनिटं, विक्री ८० ला. तासाला १६३ रुपये.

आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावी वेगळे येतील. पण बहुतेक वेळा क्रम हाच लागतो. ज्या ब्लँकेटवर सगळ्या वाहवा करतात ते सर्वात स्वस्तात जातं आणि ज्याकडे कोणी वळून बघत नाही ती खूण घर चालवते. शिवाय २५ मिनिटांची वस्तू चिल्लर वेळात पूर्ण होते. ब्लँकेट घरात दोन महिने लोळतं, त्यावर दूध सांडतं.

ब्लँकेट करूच नका असं म्हणत नाही. ते फक्त ऑर्डरीवर, निम्मे पैसे आधी घेऊन आणि पुरेशा किमतीला.

महाराष्ट्रात लहान वस्तूंना गिऱ्हाईक आहे ते मुख्यतः सणवारांमुळे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटायला एकसारख्या पन्नास वस्तू हव्या असतात. गणपतीत जास्वंदीचे हार, दुर्वांची कंठी, तोरणं, ताटाभोवतीच्या महिरपी. श्रावणात राख्या. तुळशीच्या लग्नानंतर रुखवताची मागणी सुरू होते आणि तिथे लोक हात आखडत नाहीत, कारण रुखवत चारचौघांत मांडायचं असतं. डोहाळजेवण आणि बारसं तर बारमाही. घागरी, मोदक, कैरी असे आपल्याकडचे आकार बसवून ठेवलेत तर इंटरनेटवरच्या त्याच त्या अस्वलांच्या गर्दीतून तुम्ही वेगळ्या दिसाल.

अस्वलांवरून आठवलं. चित्रपट-कार्टूनमधली प्रसिद्ध पात्रं करून विकू नका, त्यांचे हक्क कंपन्यांकडे असतात. दुसऱ्याचा नमुना विकत घेऊन वस्तू केली असेल तर तयार वस्तू विकायला त्याची परवानगी आहे का ते वाचा. नमुन्याची फाइल पुढे पाठवणं तर सरळ चोरीच.

तिसरी पायरी: आता दुकान

पुण्यात तुळशीबाग आणि रविवार पेठ, मुंबईत दादर आणि क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट. प्रत्यक्ष जाऊन लोकर गालाला लावून बघा. वर्धमान, ओसवाल, गंगा यांची ॲक्रिलिक लोकर सगळीकडे मिळते. बाळाच्या कपड्यांसाठी आपल्या हवेत सुती दोरा बरा, महाबळेश्वर-नाशिकच्या थंडीचा काळ सोडला तर.

पहिल्या खरेदीत पाच-सहा रंगच घ्या: पांढरा, लाल, पिवळा, हिरवा, एक गुलाबी, एक तुमच्या आवडीचा. वस्तूला लागेल तेवढी लोकर एकाच वेळी घ्या आणि वेष्टनावरचा डाय लॉटचा (एका वेळी रंगवलेल्या मालाचा) नंबर जुळवून घ्या. तोच रंग, तीच कंपनी, पण लॉट वेगळा, की तोरणाच्या मधोमध पट्टा दिसतो. लाल सुती दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग सुटत असेल तर पांढऱ्याशेजारी वापरू नका.

सुईवर मात्र कंजूषपणा नको. रबराच्या मुठीची एक चांगली सुई घ्या. बाळंतपणानंतर बाळाला सतत उचलून अंगठ्याकडच्या मनगटाचं दुखणं अनेकींना होतं. डॉक्टर त्याला डी क्वर्वेन म्हणतात. क्रोशाने ते वाढतं. अर्ध्या तासाने सुई खाली, बोटं मोकळी. दुखत असताना ऑर्डर पुरी करायला बसलात तर पुढचा महिना पोळ्याही लाटता येणार नाहीत. आठवडाभरात दुखणं हटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

चौथी पायरी: बाळाची वस्तू करणार असाल तर

- तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बटणं, मणी, प्लास्टिकचे डोळे अजिबात नकोत. डोळे दोऱ्यानेच भरा.
- बुटांच्या आतले सुटे दोरे पक्के आत घ्या. सुटा धागा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्त अडू शकतं. बाळ रडत राहतं आणि कोणाला कारण कळत नाही.
- टोपड्याला लांब नाड्या नकोत, जाळीचे मोठे छेदही नकोत.
- झोपलेल्या तान्ह्या बाळावर जाड किंवा सैल पांघरूण नको, हे ब्लँकेटच्या चिठ्ठीत लिहा.
- नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर, वर्षाच्या मुलाचा ४६ च्या आसपास. टोपडं ताणलं जातं म्हणून घेरापेक्षा दोन सेंटिमीटर कमी ठेवा. "सहा महिन्यांच्या बाळाचं" असं मोघम माप घेऊ नका, टेप लावून आकडा मागवा.

खेळण्यांबाबत कायदाही आहे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचं आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे. म्हणजे अमिगुरुमी, म्हणजे क्रोशाने विणून आत कापूस भरलेल्या बाहुल्या, हा तुमचा मुख्य माल होणार असेल तर आधी कारागीर नोंदणी करून पहचान कार्ड काढा. तोवर तोरणं, हार, रुखवत करा.

आणि देवघराच्या वस्तूंबद्दल एक: ॲक्रिलिक आचेने वितळतं, सूत पेटतं. समईभोवतीची महिरप विकताना "ज्योतीपासून दूर ठेवा" ही चिठ्ठी हवीच.

पाचवी पायरी: किंमत सांगणं

किंमत काढायचा हिशेब सोपा आहे. लोकर, अधिक तास गुणिले तुमचा दर, अधिक पॅकिंग, आणि त्यावर दहा टक्के सुयांसाठी, फोनच्या रिचार्जसाठी, बिघडलेल्या मालासाठी. "लोकरीचे पैसे सुटले की झालं" हा हिशेब मुळीच करू नका. त्यात तुमचा तास फुकट जातो आणि शेजारच्या बाईने उद्या योग्य भाव सांगितला तर तीच महाग ठरते.

अवघड आहे ते सांगणं. "ताई, बाजारात दीडशेला मिळतं" असं ऐकावंच लागतं. बाजारातलं ते मशीनवर विणलेलं असतं. क्रोशाचा टाका मशीनला अजून हाताइतका जमलेला नाही, म्हणून क्रोशाची वस्तू स्वस्तात दिसली तर कुठल्या तरी बाईचा तास स्वस्तात गेलेला असतो. पण हे ग्राहकाला ऐकवू नका. "हो, त्यात मशीनची मिळतात. हे हाताचं आहे, चार तास लागतात. बजेट सांगा, त्यात बसेल असं दाखवते," एवढं पुरे. भाव कमी करण्याऐवजी वस्तू लहान करून द्यायची.

नातेवाइकांचं वेगळं. "अगं, तुला तर येतंच, आमच्या पिंकीसाठी एक करून दे की" याला नाही म्हणणं आपल्याकडे कठीण. वर्षाला किती वस्तू भेट द्यायच्या ते जानेवारीतच ठरवा. तेवढ्या आनंदाने, आहेर म्हणून द्या. नंतर विचारणाऱ्या आत्याबाईंना गोड आवाजात, "आत्या, यंदाच्या भेटी संपल्या, पण तुम्हाला लोकरीचा भाव लावते" असं सांगता येतं. नवऱ्यालाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऑफिसात तोच "माझी बायको करून देईल" म्हणून मोकळा होतो.

सहावी पायरी: गिऱ्हाईक

पहिले दहा ग्राहक सोसायटीत, शाळेच्या फाटकापाशी आणि भिशीत मिळतात. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे. त्यात कॅटलॉग लावा, किमतीसकट. "किंमत इनबॉक्समध्ये" लिहिलं की निम्म्या जणी पुढे जातात. सकाळी खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या चादरीवर फोटो घ्या. आकार कळायला शेजारी हात ठेवा. लाल आणि जांभळा रंग फोनमध्ये बदलतो, तो दिवसाच्या उजेडातल्या व्हिडिओत दाखवा. मुलांच्या अंगावर घालून फोटो काढायचा मोह होतो, पण त्यांचा चेहरा, शाळेचा गणवेश सार्वजनिक फोटोत नको.

स्वयंचलित उत्तर लावून ठेवा: "दुपारी २ ते ४ आणि रात्री ९ नंतर उत्तर देते." लोक थांबतात. पोराला भरवता भरवता भाव ठरवला की भाव चुकतोच.

प्रदर्शनं पहिल्या वर्षी सोसायटीच्या गणेशोत्सवातली, शाळेच्या आनंदमेळाव्यातली करा. बचत गटात असाल तर उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) तालुक्याच्या कार्यालयात विचारा. मुंबईचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन बचत गटांसाठीच असतं. पुण्याची भीमथडी जत्रा मोठी आहे, पण तिथे चार-पाच दिवस उभं राहायला माल आणि घरी मुलांकडे बघायला माणूस, दोन्ही लागतं.

सातवी पायरी: ऑर्डरींचं कॅलेंडर

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधी शाळेच्या परीक्षा, मे महिन्याची सुट्टी, घरची कार्यं लिहा. ऑर्डरी उरलेल्या जागेत. वाणाच्या ५० वस्तू, प्रत्येकी २० मिनिटं, म्हणजे १,००० मिनिटं. रोज दीड तास मिळाला तर अकरा-बारा दिवस, त्यात एक मूल तापाने पडलं तर तीन आठवडे. म्हणून संक्रांतीच्या ऑर्डरी नोव्हेंबरात घ्यायच्या आणि डिसेंबरच्या मध्यावर बंद करायच्या. गणपतीच्या ऑर्डरी नागपंचमीनंतर नकोत. जेवढा वेळ लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट सांगा आणि लवकर द्या. कार्याच्या आठवडाभर आधी माल पोचलेला हवा.

ऑर्डरीच्या वेळी निम्मे पैसे, पाठवण्याआधी उरलेले. उधारी सख्ख्या बहिणीलाही नको.

पार्सलमध्ये एक खोच आहे. लोकरीच्या वस्तू हलक्या, पण जागा खातात आणि बऱ्याच कुरिअर कंपन्या आकाराचं वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं. ३० गुणिले २५ गुणिले २० चा खोका म्हणजे ३ किलो, आत २०० ग्रॅमचं अस्वल असलं तरी. शक्य तिथे प्लास्टिकच्या पिशवीत दाबून, वर पार्सलचं पाकीट. पोस्टाचा आणि कुरिअरचा भाव दोन्ही विचारा.

आठवी पायरी: कागद आणि फसवणूक

बँकेत वेगळं बचत खातं उघडा, धंद्याचा यूपीआय त्यालाच जोडा. घरखर्चात मिसळलेली कमाई कोणालाच दिसत नाही, तुम्हालाही नाही. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) सरकारी संकेतस्थळावर आधार-पॅनवरून होते आणि ती फुकट आहे. तिचे पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची. वस्तूंच्या विक्रीला वर्षाकाठी ४० लाखांपर्यंत राज्यातल्या राज्यात जीएसटी नोंदणी लागत नाही. परराज्यात किंवा मोठ्या ऑनलाइन बाजारावर विकणार असाल तर नियम बदलतात, तिथे सीएला एकदा भेटा. कर्ज इतक्यात नको. या धंद्याला भांडवल लागतं ते तासांचं आणि ते बँकेत मिळत नाही.

फसवणुकीचे दोन प्रकार ओळखून ठेवा. एक, "लष्करी अधिकारी" म्हणवणारा ग्राहक भाव न करता मोठी ऑर्डर देतो आणि पैसे पाठवायला क्यूआर कोड धाडतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की फोन बंद, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. दुसरा, "घरबसल्या क्रोशाकाम, आम्हीच माल विकत घेऊ, आधी नोंदणी फी भरा." काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

पुढे कधीतरी

सलग दोन-तीन महिने ऑर्डरी परत कराव्या लागल्या तर आधी दर वाढवा. तरीही काम उरलं तर मैत्रिणींना वाटून द्या, पण नगावर भाव ठरवताना त्यांचेही तास मोजा. आंध्रातल्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकापासून घराघरांत बायका क्रोशाची लेस करतात, ती परदेशात जाते आणि करणारीला मजुरी मिळते ती नगाप्रमाणे, थोडीच. घरात बसून केलं म्हणून तिथे ते काम कामात धरलं गेलं नाही. तुमच्या मैत्रिणीला पहिला नमुना करताना घड्याळ लावायला सांगा, लागलेल्या वेळाला तुमच्याच तासाचा दर लावा आणि मग पन्नास नगांची ऑर्डर तिच्याशी ठरवा.